म्हसवडची अडीच तासांची फेरी

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या, सोलापूर-सांगलीच्या मोटारी दाटीवाटीने उभ्या असतात. त्या दिवशी सिद्धनाथाचा रथ निघतो. रथ गावाचा असल्यामुळे एक-दोन पिढ्यांपूर्वी व्यापाराच्या निमित्ताने बाहेर पडलेल्या घराण्यांतली माणसेही परततात. कोणाचे इथे भुसाराचे दुकान होते, कोणाचे कापडाचे, कोणाची अडत. सकाळी यायचे, गर्दीतून वाट काढत रथ पाहायचा, चुलत्यांच्या घरी जेवायचे आणि दिवस मावळायच्या आत परतीच्या वाटेला लागायचे, असा सर्वांचा क्रम. मोटारीत मागे बसलेल्या मुलांना नंतर विचारावे, तर गाव म्हणून त्यांना गुलाल, गर्दी आणि गाडी कोठे लावली एवढेच आठवते. आजोबांचे दुकान कोणत्या गल्लीत होते, हे त्यांना ठाऊक नसते. ते त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

हीच मुले लग्नकार्यासाठी अहमदाबादला गेली की तिथली प्रसिद्ध वारसाफेरी मात्र हौसेने करतात. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपाशी संपणारी ही पायी फेरी तिथल्या महापालिकेने १९९७ साली सुरू केली. जुन्या पोळी, लाकडी कोरीवकामाचे वाडे, पाखरांसाठी उभारलेले चबुतरे, गल्लीच्या पोटात दडलेली जिनालये हे सारे दोन-अडीच तासांत चालता चालता पाहून होते. २०१७ मध्ये ते जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच्या पुष्कळ आधी ही फेरी शहरातल्याच लोकांना आपली गल्ली नव्याने पाहायला शिकवीत होती. फेरीतला वाटाड्या फार बोलत नाही, पण कोठे थांबायचे हे त्याला नेमके कळते.

म्हसवडला अशी तिकिटाची सोय शोधण्यात अर्थ नाही. घरातला एखादा जाणता काका, मामा किंवा शेजारचा वृद्ध दुकानदार सोबतीला मिळाला तरी पुरे. रथाचा दिवस मात्र टाळावा. दिवाळीनंतरची एखादी थंड सकाळ निवडावी, सातच्या सुमारास निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी गाव पाहून होते आणि दुपारनंतर राजेवाडीचा तलाव पाहूनही सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला पंगतीत बसता येते.

आरंभ अर्थातच सिद्धनाथाच्या देवळापासून. नाथ आणि जोगेश्वरी यांचे हे स्थान साऱ्या माणदेशाचे श्रद्धास्थान आहे. शेजारच्या आटपाडी तालुक्यातले खरसुंडीचे सिद्धनाथाचे देवस्थानही तितकेच गाजलेले. म्हसवडच्या उत्सवाचा क्रम मुलांना नीट उलगडून सांगावा, कारण तो एका लग्नाचा क्रम आहे. तुलसीविवाहाच्या सुमारास नाथ-जोगेश्वरीचा विवाह लागतो आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी रथातून निघते ती त्यांची वरात. हे एकदा कळले की गुलालाचा आणि उधळल्या जाणाऱ्या खोबऱ्याचा अर्थ लागतो. एरवी ती नुसती गर्दी वाटते. देवळातल्या दगडी हत्तीपाशी लहान मुले रेंगाळतात. त्यांना रेंगाळू द्यावे.

तेथून माणगंगेच्या पात्रात उतरावे. उतरावे म्हणायचे ते बहुतेक महिने अक्षरशः, कारण पात्र कोरडे असते. ही नदी याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा प्रवास करीत आटपाडी-सांगोल्याकडे वळते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. तालुक्याला नाव तिचे. पाणी मात्र तिच्यापाशी क्वचितच. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नदीत पाणी असेल त्या वर्षी रथाचा नेहमीचा मार्ग बदलावा लागतो, आणि मार्ग बदलावा लागला याचा गावाला आनंदच होतो. बाहेरगावच्या पाहुण्याला ही गोष्ट चटकन उमजत नाही. मुलांनी निदान येथे एक मिनिट उभे राहावे, कारण आपले पूर्वज हे गाव सोडून का गेले या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाळूत आहे.

पुढचा थांबा अवघड आहे, आणि बहुतेक वाटाडे तो गाळतात. म्हसवड हे माने घराण्याचे गाव. राजेमाने म्हणून हे घराणे ओळखले जाते आणि नाथाच्या उत्सवात त्याला मान आहे. याच घराण्यातल्या नागोजी माने यांच्या हातून १६९७ साली शंभू महादेवाच्या डोंगरात सेनापती संताजी घोरपडे मारले गेले. जिंजीच्या धामधुमीत ज्याने मोगली फौजांना पळता भुई थोडी केली, ज्याने कासिमखानाला दोड्डेरीच्या गढीत कोंडून गुडघे टेकायला लावले, तो सेनापती छत्रपती राजारामांशी आणि धनाजी जाधवांशी बिनसल्यावर एकाकी पडला. नागोजींच्या पत्नीचा भाऊ अमृतराव निंबाळकर याला संताजींनी हत्तीच्या पायी दिले होते. त्या सुडापोटी पुढचे घडले, असे इतिहासकार सांगतात. संताजींचे शिर पुढे औरंगजेबाकडे पोहोचले.

ही कथा गावातच सांगायची म्हटले की सांगणाऱ्याची जीभ अडखळते. कोणी आवाज खाली आणतो, कोणी ती शेजारच्या गावावर ढकलतो, कोणी एकदम रथाच्या वैभवाकडे वळतो. वस्तुतः ती पुरती सांगायला हवी. एका बहिणीचे दुःख, एका सेनापतीची कठोर शिस्त, दरबारातली फूट हे सारे तीत आहे, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या कृत्याचा भार आजच्या कोणत्याही घरावर नाही. मुलाला ती आज ना उद्या मोबाइलवर सापडणारच आहे, तीही भडक रंगात. त्यापेक्षा काकांच्या तोंडून, शांतपणे, त्या गावाच्याच भूमीवर उभे राहून ऐकलेली बरी. व्यापारी घरांत एक जुनी शिस्त आहे: खतावणीत नावे बाजू खाडाखोड करून मिटवायची नसते. गावाच्या इतिहासालाही ती लावायला हरकत नाही.

आता पेठ. येथे घाई करू नये; फेरीचा निम्मा वेळ पेठेला द्यावा. पहिल्यांदा मान वर करून छपरे पाहावीत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर उतरती कौलारू छपरे दिसतात, इथे जुनी घरे सपाट माळवदाची. पाऊस थोडा, म्हणून पाणी झटकन वाहून जाण्याची चिंता नाही. ऊन कडक, म्हणून लाकडी तुळयांवर जाड मातीचा थर. त्या थराने उन्हाळ्यात खाली गारवा राहतो आणि रात्री वर अंथरूण टाकता येते. धान्य वाळवणे, पापड-कुरडया घालणे, रथ पाहणे, सारे माळवदावरच. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माती चोपून बसवावी लागते. ज्या घरातली माणसे बाहेरगावी गेली, तिथे ती चोपायला कोणी उरत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की पाणी झिरपते, तुळई कुजते आणि एके रात्री छप्पर खाली येते. पुण्यातल्या सदनिकेत बसून, भाऊबंदांत वाटणी झाली नाही म्हणून कुलूप लावून ठेवलेल्या वाड्याची गोष्ट या मासिकाच्या किती घरांत असेल! वाटणीचा निकाल लागेपर्यंत माळवद थांबत नाही.

जुन्या दुकानांची मांडणीही पाहण्याजोगी. पुढे ओटा आणि गादी, मागे वखार, त्यामागे चौक आणि राहते घर. धनी गादीवरून रस्ताही पाहू शके आणि मागच्या दारी येणारी गाडीही. कोणत्या खांबाला बैल बांधत, कोणत्या कोनाड्यात दिवाळीला चोपड्या पूजत, हे फक्त त्या घरातला माणूस सांगू शकतो, छापील पुस्तक नव्हे. फलटण, नातेपुते, सोलापूर या पट्ट्यात गुजरातेतून आलेली हुमड जैन घराणी अशाच पेठांतून स्थिरावली. उद्योगपती वालचंद हिराचंद (जन्म १८८२, सोलापूर) हे त्यांतलेच. माणदेशासारख्या कोरड्या मुलखात धान्याचा व्यापार म्हणजे केवळ नफ्याचा व्यवहार नव्हता. पीक बुडाले की उधारीची वही जाड होई आणि पुढच्या सुगीपर्यंत दुकानदार व कुणबी दोघेही एकाच आभाळाकडे डोळे लावून बसत.

या पेठांतला खास माणदेशी माल म्हणजे घोंगडी. धनगर मेंढरे घेऊन महिनोन्महिने चाऱ्यामागे हिंडत, लोकर कातरली जाई, बायका सूत काढीत आणि सनगरांच्या मागावर घोंगडी विणली जाई. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी हाताला ताठ लागते. थंडीत पांघरायला, पावसात डोक्यावरून घ्यायला, धान्य वाळवायला, पाहुण्याला बसायला एकच वस्त्र. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) ज्यांनी वाचली आहे त्यांना हे जग ओळखीचे वाटेल. लेखकाचे गाव माडगुळे येथून फार दूर नाही. फेरीतल्या शाळकरी मुलांना ‘बनगरवाडी’ आधी वाचायला दिली, तर वाटाड्याचे निम्मे काम आयते होते.

पेठेत असतानाच आणखी एका वास्तूसमोर थांबावे. दिसायला ती इतर कार्यालयांसारखीच. ही माणदेशी महिला सहकारी बँक. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने गावातल्या बायकांनी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अनेक सभासदांच्या नावापुढे सहीऐवजी अंगठा होता. बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले ते असे की, आम्हांला वाचता येत नसले तरी हिशोब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला. ज्यांच्या घरात आजोबा बोटांच्या पेरांवर व्याज मोजत त्यांना या प्रसंगाची गोडी वेगळी समजावून सांगायला नको. हीच गोष्ट नातवाला सांगताना मात्र त्याच्या हातातला मोबाइल क्षणभर बाजूला ठेवायला सांगावा आणि दोन हजार रुपयांचे दरमहा दीड टक्क्याने सात महिन्यांचे व्याज तोंडी काढायला लावावे.

इथवर पायी फेरी संपते. दुपारच्या विश्रांतीनंतर राजेवाडीच्या तलावाकडे जावे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून ब्रिटिश सरकारने माणगंगेवर या बंधाऱ्याचे काम हाती घेतले. चिरेबंदी भिंत आजही मजबूत उभी आहे. भिंतीवर उभे राहून वाटाड्याने मुलांना एक कोडे घालावे: हा तलाव कोणत्या जिल्ह्याचा? उत्तर एका शब्दात देता येत नाही. भिंत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात. पाणी मागे पसरते ते साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडच्या शिवारापर्यंत. आणि कालव्याने ते जाते सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांना. ज्या तालुक्याची जमीन पाण्याखाली गेली, त्याच्या वाट्याला तलावाचे दर्शन तेवढे आले. दीड शतक होत आले तरी ही सल माणदेशात ताजी आहे. अलीकडे गावांनी स्वतःच डोंगरउतारांवर चर खणले, बांध घातले. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत माण तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली. वेळ उरला तर तेथेही जाता येईल, पण एका दिवसात सारेच उरकण्याचा हट्ट धरू नये. शिखर शिंगणापूर आणि गोंदवले यांना तर स्वतंत्र दिवस द्यावा लागतो.

तलावावर जाण्यापूर्वी गावात कोणालाही विचारावे, यंदा पाणी किती आहे. म्हसवडचा माणूस या प्रश्नाचे उत्तर देताना कधी घाई करीत नाही. कोणत्या साली सांडव्यावरून पाणी गेले, कोणत्या साली तळाला भेगा पडल्या, हे तो आपल्या मुलांच्या जन्मसालांइतके अचूक सांगतो. पाणी असेल तर हिवाळ्यात उथळ काठावर रोहित पक्षी उतरलेले दिसतात. ते उन्ह कलते होईपर्यंत चरत राहतात. पाणी नसेल त्या वर्षी भिंतीवरून खाली फक्त गाळ दिसतो, आणि त्यात कोणी तरी शेळ्या चारत असतो.