पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख आणि यात्रेकरूंची रूढी

पंढरपुरास जाणारा यात्रेकरू चंद्रभागेंत स्नान करतो, वाळवंटांतील पुंडलिकाचें दर्शन घेतो आणि महाद्वाराशीं नामदेवाच्या पायरीस वंदन करून श्रीविठ्ठलाच्या देवळांत शिरतो. सोळखांबी मंडपांत गरुडखांबास आलिंगन देणें व पुढें देवाच्या चरणांवर प्रत्यक्ष मस्तक ठेवणें, हे या क्षेत्राचे विशेष सर्वश्रुत आहेत. परंतु येथील एका रूढीचा संबंध संशोधनाशीं साक्षात् येतो. ती रूढी म्हणजे चौऱ्यांशीच्या लेखास पाठ घासण्याची.

या लेखास पाठ लावली असतां चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा. वस्तुतः लेखाचा विषय योनींचा नसून देणग्यांचा आहे. शके 1195 ते 1199 (इ. स. 1273 ते 1277) या काळांत, देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव राज्य करीत असतां, ज्यांनीं श्रीविठ्ठलास द्रव्य अर्पण केलें त्यांचीं नांवें वेळोवेळीं येथें कोरलीं गेलीं. भाषा बहुतांशीं मराठी आहे. दात्यांत खुद्द राजा व त्याचा श्रीकरणाधिप हेमाद्रि हेही आढळतात. राजास तेथें ‘पांडरीफडमुख्य’ म्हटलें आहे.

या एका विशेषणाचें मोल फार मोठें आहे. ज्ञानेश्वरीची समाप्ति शके 1212 मधील. म्हणजे हा लेख तीपूर्वीं तेरा वर्षें पुरा झालेला. वारकऱ्यांच्या व्यवहारांत अद्यापि रूढ असलेला ‘फड’ शब्द त्या काळींही पंढरीशीं निगडित होता, आणि तिच्या भक्तसमूहांत राजापासून सामान्य दात्यापर्यंत सर्वांस स्थान होतें, हें यावरून दिसतें. त्याच देवळांतील तुळईवरचा होयसळ राजा सोमेश्वराचा शके 1159 चा लेख याहूनही जुना; तोही दानाचाच. पण तो मस्तकावर असल्यामुळें तेथें पाठ पोंचत नाहीं.

घर्षणानें अक्षर झिजतें, हें सांगावयास नको. तथापि भाविकांस दोष देणें मला उचित वाटत नाहीं. लिपि वाचतां न येणाऱ्या लोकांनीं ज्या शिळेस पूज्य मानलें, ती पायरीस वा गटारावर जाण्याची भीति उरली नाहीं. हा लाभ लहान नव्हे. ज्या श्रद्धेनें अक्षर झिजविलें तिनेंच शिळेस अभय दिलें, असें माझें मत आहे.

संग्राहकांनीं यांतून एक बोध घ्यावा. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत जुनी पोथी जशी अधिक आदरणीय, तसा झिजणाऱ्या लेखाचा आधींचा ठसा नंतरच्या ठशाहून अधिक प्रमाण. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (1963) या ग्रंथांत असे लेख एकत्र आणले. तरी कोणाच्या संग्रहीं जुना ठसा, छायाचित्र वा हस्तलिखित नक्कल असेल, तर ती निरुपयोगी समजूं नये. तीवर घेतल्याची तिथि व शिळेची जागा नोंदवावी, गेलेलें अक्षर कल्पनेनें भरल्यास तें कंसांत दाखवावें, आणि मूळ ठशावर शाईनें कधींही दुरुस्ती करूं नये. दगडावरून गेलेलें अक्षर कदाचित् त्या जीर्ण कागदावरच उरलेलें असेल.