पाठीच्या कण्याचे विकार आणि शेतकऱ्याचें ताट

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्याला त्याच दिवशीं जुवाखालून सोडतो. परंतु स्वतःच्या तळपायांस मुंग्या येऊं लागल्या, चालतांना गुडघे एकमेकांस घासूं लागले, किंवा कंबरेपासून टांचेपर्यंत शीर ओढूं लागली, तर "वात आहे, थंडी सरली म्हणजे जाईल" असें म्हणून तोच शेतकरी वर्षेंच्या वर्षें काढतो. ही दिरंगाई किती महाग पडते, आणि रोजच्या ताटाचा या विकारांशीं संबंध कोठें आहे व कोठें नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळींतून कंबरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत जी मऊ दोरी उतरते तिला मज्जारज्जु म्हणतात. तिच्यांतून मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या बाहेर पडून हातापायांकडे व आंतल्या इंद्रियांकडे जातात. पाऊल उचलण्याचा हुकूम या दोरीनें खालीं येतो, आणि जमीन मऊ आहे कीं खडकाळ याची खबर हिनेंच वर जाते. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. परंतु मज्जारज्जूंतील जे तंतु पूर्ण मेले ते पुन्हां उगवत नाहींत. छाटलेल्या उसाला खोडवा फुटतो, तसें येथें होत नाहीं.

यावरून एक गोष्ट उघड होते. अमुक पदार्थ खाल्ल्यानें कण्याचा जुना विकार समूळ बरा होतो असें जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये. आहाराची कामें तीन आहेत: इजा होऊं न देणें, सुरू झालेली इजा वेळीं थांबविणें, आणि जडलेल्या विकारांत उरलेलें बळ राखणें. हीं तिन्ही कामें लहान नाहींत.

लाखोळीची डाळ

ज्याला आपण लाख किंवा लाखोळी म्हणतों तें कडधान्य पूर्व विदर्भांतील धानाच्या बांध्यांतून उतेऱ्यानें, म्हणजे उभ्या धानांत बीं फेंकून, घेतलें जातें. नांगरट नको, खत नको, पाऊस थोडा असला तरी चालतें. ज्या वर्षीं सर्व पिकें बुडतात त्या वर्षींहि लाखोळी हातीं लागते. हा तिचा मोठा गुण, आणि हाच तिचा धोका. कारण त्या वर्षीं गरिबाच्या घरीं दुसरें कांहींच नसतें, व मग तो सकाळ-संध्याकाळ तीच खातो.

प्राचीन वैद्यक ग्रंथांत 'कलायखंज' नांवाचा पायांचा विकार सांगितला आहे, तो हाच असावा असें मानतात. आपला वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपूरपासून वेगळा होऊन ज्या मध्यप्रांतांत राहिला, त्याच प्रांताच्या सागर भागांतील एक हकीकत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें १८४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथांत नोंदविली आहे. १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षें गारपीट, अवर्षण व तांबेरा यांनीं गहूं बुडाला. लाखोळी मात्र टिकली व लोकांनीं तिच्यावर गुजराण केली. १८३३ पासून तरुण माणसांचे पाय कंबरेखालीं निकामी होऊं लागले, ते कायमचेच. पुढें रेवा-सतना भागांत तर शेतमजुरांस मजुरी म्हणूनच लाखोळी किंवा तिचें मिश्रण देण्याची चाल होती. मजुरांच्या झोंपड्यांत काठीवर चालणारे तरुण दिसत. मालकांच्या वाड्यांत हा रोग क्वचितच शिरे. दोहोंचें पाणी व हवा एकच होती. फरक ताटाचा होता.

याचें कारण १९६४ सालीं भारतीय शास्त्रज्ञांनींच शोधून काढलें. या दाण्यांत 'ओडॅप' नांवाचें एक द्रव्य असतें. तें मज्जातंतूंस सतत चेतवून थकवितें व शेवटीं मारतें. विशेषतः मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणारे लांब तंतु त्यास बळी पडतात. अधूनमधून वाटीभर डाळ खाल्ल्यानें हें होत नाहीं. परंतु रोजच्या अन्नाचा सुमारें तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीच असेल, आणि असें दोन-तीन महिने चाललें, तर धोका उभा राहतो. प्रथम पोटऱ्या ताठतात, मग रोगी चवड्यांवर चालूं लागतो, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. नंतर एक काठी, मग दोन, आणि शेवटीं हातांवर सरपटणें. लाखोळी तत्काळ बंद केल्यास विकार बहुधा जेथल्या तेथें थांबतो. गेलेलें मात्र परत येत नाहीं.

केंद्र सरकारनें १९६१ सालीं तिच्या विक्रीस मनाई केली, पण लागवडीस सर्वत्र मनाई झाली नाहीं. शेतकी शास्त्रज्ञांनीं पुढें 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाण काढले. त्यांत हें द्रव्य शेंकडा ०.१ हून कमी असतें. तरीहि पाण्याचा ताण पडला कीं दाण्यांतील विष वाढतें, हें विसरतां कामा नये. डाळ भरपूर ऊन पाण्यांत भिजवून तें पाणी फेंकून दिलें व नव्या पाण्यांत शिजविली, तर विषाचा बराच अंश निघून जातो, कारण तें पाण्यांत विरघळतें; मात्र सर्व जात नाहीं. शिवाय ज्या दुष्काळांत लाखोळीवर राहण्याची वेळ येते, त्याच दुष्काळांत पाणी व सरपण यांचीहि टंचाई असते. म्हणून ज्वारी व गहूं यांचा भरणा अधिक ठेवणें हाच खात्रीचा उपाय होय. या धान्यांत गंधकयुक्त पोषक घटक असतात, ते कडधान्यांत कमी पडतात. तुरीच्या डाळींत व बेसनांत लाखोळीची भेसळ होत आलेली आहे; तिचा दाणा पाचरीसारखा, कोनदार असतो. तूर किंवा हरभरा अख्खा घेऊन घरीं भरडल्यास ही शंकाच राहत नाहीं.

विकलें गेलेलें दूध

लाखोळीचा विकार नको तें खाल्ल्यानें होतो. दुसरा एक विकार पाहिजे तें न खाल्ल्यानें होतो, आणि तो आपल्या शाकाहारी घरांत, पोटभर जेवणाऱ्या माणसांतहि आढळतो. 'ब-१२' नांवाचें जीवनसत्त्व मज्जातंतूंवरील वेष्टण शाबूत ठेवतें. तें सूक्ष्म जंतूच तयार करतात. भाजी, धान्य, कडधान्य व फळें यांत तें भरंवशाचें मिळत नाहीं. दूध, दहीं, ताक, अंडीं, मासे व मांस यांत मिळतें. मोठ्या माणसास दररोज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम एवढेंच लागतें, व अर्ध्या लिटर दुधांत त्यांतील बराचसा भाग येतो. यकृतांत याचा सांठा असल्यामुळें तुटवडा लगेच कळत नाहीं. कधीं कधीं कांहीं वर्षें लोटतात.

मग दोन्ही तळपायांस मुंग्या येतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, अंधारांत किंवा तोंड धुतांना डोळे मिटले कीं तोल जातो. जीभ लाल व गुळगुळीत होते, विसर पडतो. हा मज्जारज्जूचाच विकार आहे. पण लाखोळीच्या विकारांत आणि यांत एक मोठा फरक आहे. हा लवकर ओळखला तर इंजेक्शनांनीं किंवा गोळ्यांनीं पुष्कळसा उलटवितां येतो. वर्षभर अंगावर काढला तर पुष्कळसा कायम राहतो. रक्त वाढावें म्हणून केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहणें येथें घातक ठरतें. रक्त सुधारतें, पण आंत मज्जारज्जु झिजत राहतो. वृद्ध माणसें, पोटाच्या जुन्या विकाराचे रोगी, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे यांनीं रक्ताची ही तपासणी डॉक्टरांस विचारून करून घ्यावी.

सेवाग्रामच्या शेजारीं राहणाऱ्यांनीं येथें एक गोष्ट आठवावी. गांधीजींनीं दूध सोडण्याचा नेम केला होता. परंतु १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर त्यांस बकरीचें दूध घ्यावें लागलें. शाकाहारी माणसाचें दुधावांचून भागत नाहीं, असें मत त्यांनीं १९४२ सालीं आगाखान राजवाड्यांत आरोग्यावर लिहितांना मांडलें. ब-१२ चा शोध त्यानंतर, १९४८ सालीं लागला. अनुभवानें जें कळलें होतें त्याचें एक कारण पुढें शास्त्रानें दाखविलें. आज ज्या घरीं सकाळीं सगळें दूध संकलन केंद्रावर जातें आणि म्हाताऱ्यांच्या वांट्यास कोरा चहा येतो, त्या घरानें हा हिशेब पुन्हां मांडावा.

विकार जडल्यानंतर

ज्यांस हा विकार जडला आहे, किंवा कंबरेची गादी सरकून शिरेवर दाब आला आहे, त्यांनीं पुढील गोष्टी सांभाळाव्या. सरकलेली गादी कोणत्याहि अन्नानें जागेवर येत नाहीं. पण अंगावरचें जादा वजन त्या कण्यासच वाहावें लागतें. चालणें कमी झालें म्हणजे भाकरी एकदम तोडूं नये. तेल, साखर व तळलेलें आधीं कमी करावें.

बसून किंवा पडून राहणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या-मांड्यांचें मांस झडतें व अंगाला जखमा पडतात. त्यासाठीं दोन्ही वेळां घट्ट वरण, उसळ, दहीं, आणि चालत असेल तर अंडें असावें. १९३५ च्या सुमारास मगनवाडींत गांधीजींच्या देखरेखीखालीं सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग झाले होते. आज जिल्ह्यांत सोयाबीन पोत्यांनीं पिकतें, पण चुलीवर क्वचित् चढतें. नऊ भाग गव्हांत एक भाग भाजलेलें सोयाबीन घालून दळल्यास पोळीचें पोषण पुष्कळ वाढतें. तें कच्चें मात्र खाऊं नये.

कण्याच्या विकारांत कोठा जड होतो. ज्वारीची भाकरी, अंबाडी, चवळई, मेथी यांसारख्या पालेभाज्या, ताक व भरपूर पाणी यांनीं तो हलका राहतो. लघवीस वारंवार उठावें लागतें म्हणून पुष्कळ रोगी पाणी तोडतात. त्यानें मूत्रमार्गास दाह होतो व दुखणें वाढतें. चालणें थांबलें कीं हाडेंहि ठिसूळ होतात. दूध, तीळ, नाचणी व रोज थोडा वेळ अंगावर ऊन हा त्यावर इलाज आहे. मधुमेह असल्यास साखर ताब्यांत ठेवावी, व दारू पूर्ण सोडावी. हीं दोन्ही मज्जातंतूंचीं उघड वैरी आहेत. वेदनेच्या गोळ्या मनानें महिनोनमहिने घेऊं नयेत. पोट व मूत्रपिंडें त्यांनीं बिघडतात.

जेव्हां पायांतील बळ झपाट्यानें जातें, जांघेभोंवतीं बधिरपणा येतो किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटतो, तेव्हां आहाराचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय १९६९ सालीं खेड्यांतील लोकांसाठींच निघालें. तें आपल्या जिल्ह्यांत आहे.

कारभाऱ्याचें काम

हें सर्व वाचणारा बहुधा स्वतः जमिनीचा धनी आहे. लाखोळीचा विकार त्याच्या स्वतःच्या घरीं येण्याचा संभव थोडा. तो येतो तो सालगड्याच्या व मजुराच्या घरीं, आणि तेहि टंचाईच्या वर्षीं. म्हणून जेथें धान्य मोजून देण्याची चाल अजून आहे, तेथें स्वस्त पडतें म्हणून लाखोळीचा भरणा करूं नये; ज्वारी व तूर द्यावी. पेरायचीच असेल तर कमी विषाचें प्रमाणित बीं घ्यावें. घरचें दूध विकण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक म्हाताऱ्याच्या व मुलाच्या वांट्याचें काढून ठेवावें. आणि घरांतला असो कीं गोठ्यांतला, कोणी "पायांना मुंग्या येतात" म्हणाला, तर पेरणी आटोपण्याची वाट न पाहतां त्यास डॉक्टरांकडे न्यावें. पेरणी चार दिवस मागें पडली तर पुढच्या हंगामांत तूट भरून काढतां येते.