अंगातील उबेवर पेसमेकर चालेल का?

जन्मजात हार्ट ब्लॉक असलेल्या एका बालिकेला पेसमेकर बसवावा लागला. बॅटरी संपली की यंत्र बदलावे लागेल आणि आयुष्यात हे अनेकदा घडेल, हे कळल्यावर तिच्या आईने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, अंगात एवढी ऊब असते. तिच्यावरच हे यंत्र का चालू नये?" मला धड उत्तर देता आले नाही. म्हणून थोडे वाचन केले. त्याचे सार येथे देतो.

दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले, तर त्यांच्या मंडलात वीज वाहते. या शोधाचे मूळ झेबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांत आहे. १९७० मध्ये पॅरिस येथे एका रुग्णाला बसवलेला पेसमेकर याच तत्त्वावर चालत असे. त्याला उष्णता पुरवी ते प्लुटोनियम-२३८. त्याचे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षे. पुढे दीर्घकाळ टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि किरणोत्सर्गी यंत्रे मागे पडली.

मग शरीराचीच उष्णता का नको? मेख अशी, की ही वीज नुसत्या उष्णतेतून नव्हे, तर तापमानातील फरकातून मिळते. छातीच्या आत सर्वत्र जवळजवळ ३७ अंश! त्वचा आणि हवा यांत मात्र फरक असतो. म्हणूनच १९९८ मध्ये सेइको कंपनीला मनगटाच्या उबेवर चालणारे घड्याळ काढता आले. आपल्याकडे वैशाखात तोही फरक उरत नाही.

दुसरी अडचण पदार्थाची. तो विजेला वाट देणारा, पण उष्णतेला अडवणारा हवा. धातूंत हे जमत नाही, कारण वीज वाहणारे इलेक्ट्रॉनच उष्णताही वाहून नेतात. त्यामुळे बिस्मथ टेल्युराइडसारखी अर्धवाहक संयुगे वापरतात. नवी मिश्रणे पूर्वी भट्टीत एकेक करून अजमावीत. आता इलेक्ट्रॉनांचे वर्तन संगणकावर गणिताने मांडून असंख्य मिश्रणांतून मोजकीच निवडतात आणि तेवढीच प्रयोगशाळेत तपासतात. आपणही संभाव्य निदानांची यादी आखडती करून मगच तपासण्या लिहून देतो, तसेच हे. या गणिताचा पाया घालणारे वॉल्टर कोन १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते.

त्वचेवर लावायच्या लहान उपकरणांना या संशोधनाचा लाभ होऊ शकेल. परंतु संगणकाने कितीही सरस मिश्रधातू सुचवला, तरी छातीत नसलेला फरक तो कोठून आणणार?

पुढच्या भेटीत मी त्या माउलीला हे सर्व सोप्या शब्दांत सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने बॅटरीच्या पुढील तपासणीची तारीख विचारली. विज्ञानाच्या बातम्या घेऊन येणाऱ्या पालकांना आशा जरूर द्यावी. पण ही तारीख चुकणार नाही, याची काळजी आधी घ्यावी.