यीस्ट न घालता आंबणारा रस
लोंढा जंक्शनहून निघालेली गाडी कॅसलरॉकचा घाट उतरली की लागतो गोवा, काजूबोंडांचा मुलूख. उन्हाळ्यात झाडाखाली गळलेली पिकली बोंडं वेचायची, तुडवून रस काढायचा आणि मडक्यात किंवा पिंपात ठेवून द्यायचा. बाजारचं यीस्ट घालायचं नाही. सालीवर आणि हवेत असलेलं रानटी यीस्टच काही दिवसांत रसातल्या साखरेचं मद्य करतं.

हा आंबलेला रस उकळून त्याची वाफ गार केली की पहिल्या वाफेचा उर्राक, पुढच्या वाफेची फेणी.

बेल्जियमची लॅम्बिक बिअरही अशीच आपोआप आंबते; लाकडी पिंपात तिला वर्ष, दोन वर्षं लागतात. तिचं कौतुक जगभर झालं. फेणीची योग्यता तिच्याहून तसूभरही कमी नाही. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.