गिटारचा सूर आणि अर्थिंगची तार

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत आजही आढळते. नवीन पनवेलच्या सोसायट्यांत ती उरलेली नाही. मात्र दोन्हीकडच्या घरांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. मुलाच्या अथवा मुलीच्या खोलीत एक इलेक्ट्रिक गिटार, तिच्याशेजारी छोटा ॲम्प्लिफायर, जमिनीवर आवाजाला निरनिराळे रंग देणारी चार-पाच पेडल्स आणि त्या सर्वांना वीज पुरवणारा, तारांच्या गुंत्यात हरवलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड. वाद्य निवडताना घरात पुष्कळ चर्चा होते. बोर्डाचा विचार मात्र कोणी करीत नाही.

तो विचार सुरू होतो ॲम्प्लिफायरमधून ‘घूं’ असा अखंड आवाज येऊ लागला म्हणजे. मग कोणीतरी जाणता मित्र उपाय सांगतो : तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन काढून टाकावी, किंवा मध्ये दोन पिनांचा ॲडॉप्टर घालावा. उपाय केला जातो आणि आवाज खरोखरच थांबतो. धोका सुरू होतो तो याच क्षणी.

‘यार्डबर्ड्स’ या प्रसिद्ध इंग्रज वाद्यवृंदाचे गायक कीथ रेल्फ यांचा मे १९७६ मध्ये राहत्या घरीच गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. उपकरणाचे अर्थिंग सदोष होते. त्याआधी, ३ मे १९७२ रोजी, वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’चे गिटारवादक लेस हार्वे भर रंगमंचावर असेच गेले, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्यांचा स्पर्श झाला होता. दोघेही अनुभवी कलावंत होते. वर्षानुवर्षे वाद्य हाताळल्याने वीज ओळखीची होत नाही, एवढे या दोन घटनांवरून ध्यानी येते.

तारा हातात, हात तारांत

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारा खालच्या पट्टीतून, वायरीच्या आवरणातून थेट ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाडा प्लगच्या जाड पिनेतून जमिनीशी जोडलेला असतो. उपकरणात बिघाड होऊन २३० व्होल्टची फेज सांगाड्याला लागली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज अथवा एमसीबी क्षणात पुरवठा तोडतो. ती पिन काढलेली असेल तर काहीच तुटत नाही. बिघाड मुकाट्याने तारांपर्यंत येऊन थांबतो आणि वादकाच्या बोटांची वाट पाहतो. त्याच वेळी त्याचे ओठ दुसऱ्या बोर्डावर जोडलेल्या मायक्रोफोनला टेकले, किंवा अनवाणी पाय ओल्या फरशीवर असले, म्हणजे प्रवाहाला शरीरातूनच वाट मिळते.

म्हणून पहिला नियम एकच : आवाज घालवण्यासाठी अर्थिंग कधीही तोडू नये.

घराची तपासणी

जुन्या घरांत सॉकेटला तीन छिद्रे असतात, पण वरच्या छिद्रामागे हिरवी तार असतेच असे नाही. ती आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, मोजावे लागते. परवानाधारक वायरमनकडून वाद्याच्या सॉकेटमध्ये तीन मापे घेऊन ठेवावीत. फेज व न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात थोडेच व्होल्ट आढळले, तर जोडणी आहे असे म्हणता येते. त्या जोडणीला जमिनीत पुरेशी पकड आहे का, हे अर्थ टेस्टरने स्वतंत्रपणे पाहावे लागते. पनवेलची जमीन पावसाळ्यात पाण्याने भिजलेली आणि एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत असते; त्यामुळे तपासणी उन्हाळ्यात करून घेणे अधिक शहाणपणाचे.

एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे. तो वायरीला अतिभारापासून जपतो, माणसाला नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी हवे. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढी तूट दिसताच ते पुरवठा तोडते. त्यावरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र आरसीसीबी बसवले म्हणून अर्थिंग वगळता येत नाही. अर्थिंग असेल तर पुरवठा बहुधा बिघाड होताच तुटतो. नसेल तर माणसाला धक्का बसल्यावर.

घूं आवाजाचा खरा इलाज

हा आवाज बहुधा उपकरणे निरनिराळ्या सॉकेटमधून जोडल्याने, अर्थच्या दोन वाटांचे एक वर्तुळ तयार होऊन येतो. ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि पेडल्स यांना अर्थिंग असलेल्या एकाच सॉकेटवरून वीज दिली की पुष्कळदा तो तेथेच संपतो. तरीही राहिला तर ‘डीआय बॉक्स’ वापरावा. त्यावरील ग्राउंड-लिफ्टची कळ ध्वनीच्या वायरीचे आवरण तोडते, मुख्य विजेचे अर्थिंग नव्हे. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर यांपासून गिटार दूर ठेवल्यानेही फरक पडतो.

मिलिअँपिअरचा जमाखर्च

पेडल्सचा हिशेब व्यापारी घरांना चटकन समजेल असा आहे. बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात. साध्या ॲनालॉग पेडलला बहुधा ५ ते २० मिलिअँपिअर लागतात. डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला ५० ते ३०० लागू शकतात. समजा, दोन पेडल्स १५-१५ची, एक १०० आणि एक २५० मिलिअँपिअरचे आहे. एकूण खर्च ३८० झाला. जमेची बाजू, म्हणजे पुरवठ्याची क्षमता, किमान ५०० असावी. क्षमता अधिक असल्याने नुकसान होत नाही, कारण पेडल हवा तेवढाच प्रवाह घेते. व्होल्टेज मात्र नेमके हवे. ९ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट दिले तर ते जळू शकते. पिनेची दिशाही पाहावी. बहुसंख्य पेडल्समध्ये मधला भाग ऋण असतो, काहींत उलट. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग वाट देणारा पुरवठा घेतल्यास खरखर कमी होते आणि ॲडॉप्टरांची गर्दीही टळते.

ॲम्प्लिफायरचा भार घरगुती वापरात फारसा नसतो. सर्व मिळून २०० वॅट धरले तरी २३० व्होल्टवर प्रवाह एक अँपिअरपेक्षा कमी भरतो. मात्र त्याच ६ अँपिअरच्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नये. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

परदेशातून आलेली भेट

अमेरिकेतील नातलगांनी आणलेला ॲम्प्लिफायर १२० व्होल्टचा असतो. तो तसाच जोडला तर निकामी होतो. मागील पट्टीवर व्होल्टेज आणि ५०/६० हर्ट्झ अशी नोंद पाहावी. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना त्याची क्षमता गरजेच्या दीडपट-दुप्पट असावी आणि अर्थची तार त्यातून अखंड पुढे जावी. दोन पिनांचा स्वस्त नमुना येथे उपयोगाचा नाही. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असल्यास तो घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

पावसाळा आणि इन्व्हर्टर

वीज कडाडू लागली की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून ठेवावा. सर्ज प्रोटेक्टरही अर्थिंग चांगले असेल तरच नीट काम करतो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर घुमतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर योग्य. त्याच्या वायरिंगमध्येही अर्थ तुटलेला नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. ओले हात, ओली फरशी आणि अनवाणी पाय ही त्रयी सरावाच्या वेळी टाळावी; पायांखाली कोरडी रबरी चटई असावी.

इतके करूनही कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावून ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारावी, मग १०८वर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करावे. ही क्रिया घरातील एकाला तरी येत असावी.

वाद्याच्या किमतीच्या मानाने वायरमनच्या एका फेरीचा खर्च किरकोळ आहे. तो वाद्य आणतानाच हिशेबात धरावा. गिटारच्या पहिल्या धड्यापूर्वी सॉकेटची तपासणी झाली, म्हणजे मुलगा दार लावून तासन्‌तास वाजवत बसला तरी बाहेर बसलेल्या आईवडिलांना काळजीचे कारण राहणार नाही.