दगडांच्या पंख्यावर द्राक्षे

पंखाकृती मैदान शिकवताना आपण फळ्यावर एक त्रिकोण काढतो आणि पुढे सरकतो. जपानमधल्या भूगोलाच्या पुस्तकांत यासाठी यामानाशी प्रांतातल्या क्योदो नदीचा नकाशा देतात. डोंगरातून बाहेर पडलेल्या नदीने टाकलेल्या गाळाचा पंखा, आणि त्यावर जिकडेतिकडे फळबागांच्या खुणा. नकाशा पाहून आम्हाला प्रश्न पडला, की इथे भातखाचरे का नाहीत?

अशा आखूड, तीव्र उताराच्या पंख्यांच्या घडणीत दगड-चिखलाच्या लोंढ्यांचा मोठा वाटा असतो. जोराच्या पावसात घळीतली माती, वाळू आणि दगड पाण्यात मिसळून एकदमच खाली सुटतात. हे मिश्रण पाण्याच्या दुपटीइतके जड असू शकते, त्यामुळे खोलीएवढे धोंडेही त्याबरोबर वाहत येतात. घळीचे तोंड रुंदावले की लोंढा पसरतो, मंदावतो आणि थबकतो. पुढचा लोंढा या ढिगाला वळसा घालून दुसरी वाट धरतो. हजारो वर्षांत पंख्याचा जवळजवळ प्रत्येक भाग असा भरला जातो. म्हणून 'ओढा तर तिकडे आहे' या म्हणण्यात फारसा दिलासा नसतो.

जाड दगडगोट्यांच्या या जमिनीत पाणी टिकत नाही. ते खाली मुरते आणि पंख्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्यामुळे भात आणि गावे पायथ्याकडे, तर मधला उतार कोरडा. तिथे पूर्वी रेशमासाठी तुती लावत. नंतर त्या जागी द्राक्षे आणि पीच आले. पाण्याचा निचरा होणारी जमीन त्यांना मानवतेच. लोंढा आला तर बाग जाईल, नुकसान मोठे होईल. पण बागेत रात्री कोणी झोपलेले नसते.

हा फरक हिरोशिमात फार महाग पडला. शहर वाढत गेले तशी घरे डोंगराच्या कुशीत, घळींच्या तोंडाशी चढली. जून १९९९ मधल्या आपत्तीनंतर, २००० साली जपानने कायदा केला. त्यानुसार धोक्याचे पट्टे आखायचे आणि सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घालायचे. परंतु आखणीचे काम रेंगाळले. २० ऑगस्ट २०१४ च्या पहाटे लोंढे आले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जागा नकाशावर आलेल्याच नव्हत्या. ७७ माणसे गेली. त्याआधी तीनच आठवडे, ३० जुलैच्या सकाळी, आपल्याकडे माळीण दरडीखाली गेले होते. तिथे दीडशेच्या वर माणसे दगावली.

सह्याद्रीत यामानाशीसारखे पंखे सहसा दिसत नाहीत, म्हणून द्राक्षांची नक्कल करण्यात अर्थ नाही. शिवाय लोंढा जिथे सुटतो तो वरचा उतार आणि जिथे येऊन थांबतो ती खालची जागा, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वरचा उतार यंत्राने कापून सपाट करणे हा जमिनीचा उपयोग नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खालची जागा मात्र ओसाड टाकायची गरज नाही. तिथे झाडे, चारा, बाग असावी. घर, शाळा, वसतिगृह नसावे.

वर्गात हे करून पाहता येईल. तिरप्या फळीवर पत्र्याची पन्हळ ठेवा आणि तिचे तोंड सपाट ताटात उघडू द्या. माती, वाळू, खडे यांचे दाट कालवण पन्हळीतून सोडा. मग मुलांना ताटात काड्यापेट्यांची घरे मांडायला सांगा. मुले ती पहिल्या ओघळापासून दूर मांडतील. आता तेवढेच कालवण आणखी चार-पाच वेळा सोडा.