घासून न जाणारे दाणे

भिलाईतला कॅम्प-1 पोलाद कारखाना उभारायला आलेल्या मजुरांच्या वस्तीतून वाढला. लोखंडावरचा गंज घासून निघतो, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पण थंडीत दंडांवर नि मांड्यांवर उठणाऱ्या खरखरीत दाण्यांना तोच न्याय लावला, की फसगत होते. या दाण्यांना केराटोसिस पिलारिस म्हणतात. केसाच्या मुळाशी केराटिन हे प्रथिन साचते आणि रंध्राला बूच बसते. तो मळ नव्हे. लागण होणारा रोगही नव्हे. बहुतेकदा तो घराण्यातूनच येतो. हवा दमट झाली की दाणे कमी होतात आणि कोरडी पडली की वाढतात. त्यावरून उणीव कशाची आहे ते कळते: स्वच्छतेची नव्हे, ओलाव्याची.

वजरीने रगडल्यावर त्वचा गुळगुळीत लागते, हा आक्षेप खरा आहे. पण तो गुळगुळीतपणा फार टिकत नाही. घर्षणाने त्वचा चिडते, लाल होते आणि सावळ्या रंगावर काळे डाग मागे राहतात. नेहमीचा साबणही भर घालतो. त्वचेचा सामू 5 च्या आसपास असतो, तर साबणाचा 9 ते 10. त्यापेक्षा बूच मऊ करणे शहाणपणाचे. युरिया त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असतो. 10 ते 20 टक्के युरियाचे मलम पाणी धरून ठेवते आणि केराटिन सैल करते. लॅक्टिक आम्लही मृत पेशींची पकड ढिली करते. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, अंग पुसून न काढता टिपावे आणि ओलसर असतानाच मलम लावावे. आम्लाचे मलम सुरुवातीला एक दिवसाआड पुरे. फरक दिसायला काही आठवडे लागतात.

मग दिवाळीचे अभ्यंग चुकीचे का? तेलाचा भाग योग्यच आहे, भरड उटण्याने खसखसून घासणे तेवढे टाळावे. तेलही पारखून घ्यावे: 2002 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत सूर्यफूल तेलाने त्वचेचे संरक्षक आवरण लवकर सावरले, मोहरीच्या तेलाने मात्र ते सावरायला उशीर झाला. ‘मलम थांबवले की दाणे परततात, मग उपयोग काय?’ असेही विचारले जाते. ते परततात, कारण प्रवृत्ती जन्माची आहे. नखे वाढतात म्हणून ती कापणे कुणी सोडत नाही. मात्र मुलांच्या कोपर-गुडघ्यांवर काटेरी दाणे दिसले, तर ती अ जीवनसत्त्वाची किंवा स्निग्धाम्लांची कमतरता असू शकते. तिथे मलमाआधी डॉक्टर गाठावा आणि ताटात काय पडते तेही पाहावे.